तपासणीच्या चिठ्ठीवर कारण लिहा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा एमआरआयसाठी पाठवताना डॉक्टर जी चिठ्ठी देतात, तिच्यावर रुग्णाचे नाव, वय आणि तपासणीचे नाव यांच्याखाली एक ओळ असते. रुग्णाला काय त्रास आहे आणि ही तपासणी कशासाठी हवी, ते तिथे लिहायचे असते. नागपुरातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ म्हणून माझी सगळी नोकरी झाली. आता निवृत्त आहे. खिडकीतून आत सरकवलेल्या त्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षे माझ्या हातातून गेल्या आणि ती ओळ बहुतेक वेळा कोरी असायची. फार तर ‘पेन’ एवढाच शब्द. कुठे दुखते, कधीपासून, पडल्यामुळे की तापासोबत, काही नाही. आजही शेजारीपाजारी, नात्यातले लोक चिठ्ठ्या घेऊन घरी येतात आणि ‘हे करावंच लागेल का?’ असे विचारतात. खासगी रुग्णालयांच्या छापील, गुळगुळीत चिठ्ठ्यांवरही ती ओळ तशीच कोरी दिसते. या एका ओळीबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे. पत्र लांबले तर सांभाळून घ्यावे.

क्ष-किरण विभागात काम करणाऱ्याच्या छातीला टीएलडी बॅज असतो. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो आणि कोणाच्या अंगावर किती किरण पडले, याची नोंद होते. अणुऊर्जा नियामक मंडळाने आमच्यासाठी मर्यादा घालून दिली आहे. पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगावर पडणारे किरण मोजण्याचे एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. रुग्णासाठी मात्र अशी मर्यादा नाही. ती विचार करूनच ठेवलेली नाही. वर्धा रोडवर अपघात झालेल्या मुलाला एका रात्रीत डोके, छाती आणि पोट अशा तिन्हींचा सीटी लागला तर तो झालाच पाहिजे, तिथे आकड्याची आडकाठी नको. त्याऐवजी जगभर मान्य असलेला नियम असा, की आधी तपासणीची गरज पटली पाहिजे आणि मग ती कमीत कमी किरणांत उरकली पाहिजे. म्हणजे रुग्णाचे पहिले संरक्षण गरज पटण्यात आहे, आणि ती गरज नोंदवण्याची जागा म्हणजे ही ओळ. ओळ कोरी असली, तर मशीनपाशी उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला काही कळत नाही आणि रिपोर्ट लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टलाही नाही.

कोणत्या त्रासात कोणती तपासणी आधी, कोणती नंतर आणि कोणती मुळीच नको, हे ठरवायला आता अंदाजावर विसंबावे लागत नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ रेडिओलॉजिस्ट्स या संस्थेने १९८९ मध्ये अशी मार्गदर्शिका काढली आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या निघत राहिल्या. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने १९९३ पासून याच कामाला हात घातला. रेडिओलॉजिस्ट आणि इतर शाखांचे डॉक्टर एकत्र बसतात, प्रसिद्ध झालेला अभ्यास चाळतात आणि एकेका परिस्थितीसाठी प्रत्येक तपासणीला १ ते ९ असे गुण देतात. ७ ते ९ म्हणजे बहुधा योग्य, ४ ते ६ म्हणजे कदाचित, १ ते ३ म्हणजे बहुधा अयोग्य. शेजारीच किरणांचे प्रमाण दिलेले असते. यात मला सर्वांत मोलाची वाटते ती मांडणी. सुरुवात एमआरआय किंवा सीटी या नावाने होत नाही. ‘कंबर नुकतीच दुखू लागली आहे, धोक्याचे लक्षण नाही’ किंवा ‘कंबर दुखते, आधी कॅन्सर होऊन गेला आहे’ अशी माणसाची अवस्था आधी लिहिलेली असते आणि अवस्था बदलली की त्याच तपासणीचे गुण बदलतात. ज्या चिठ्ठीवर अवस्थाच लिहिलेली नाही, तिला कोणते गुण द्यायचे?

कंबरदुखीचेच घ्या, कारण एमआरआय केंद्रांत सर्वांत मोठी रांग तिचीच असते. कुही तालुक्यातली एक बाई आमच्याकडे एक्स-रेला आली होती. रोवणीचे दिवस, सकाळपासून चिखलात वाकून काम, आणि तीन आठवड्यांपासून कंबर धरलेली. हातातल्या कॅरीबॅगमध्ये खासगी केंद्रातल्या एमआरआयच्या मोठ्या प्लेटा होत्या. त्यासाठी बचत गटातून पैसे उचलले होते. रिपोर्टमध्ये कंबरेच्या खालच्या दोन मणक्यांमधली गादी किंचित फुगल्याचे लिहिले होते, नस दबल्याचा उल्लेख नव्हता. तिला विचारले, पायाला मुंग्या येतात का, पाय लुळा पडतो का, लघवीवर ताबा आहे ना, ताप येतो का, वजन उतरले का. सगळ्याला उत्तर ‘नाही’. तिचा प्रश्न वेगळाच होता. “मॅडम, डॉक्टर म्हणते मणक्यात गॅप हाय. आता माह्यानं रोवणी होईन का नाही?” घरच्यांनी तिला पाण्याची बादलीसुद्धा उचलू द्यायची बंद केली होती.

२०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या सीटी आणि एमआरआयचे निष्कर्ष त्यात एकत्र केले होते. विशीतल्या ३० टक्के लोकांत गादी फुगलेली आढळली, पन्नाशीत ६० टक्के आणि ऐंशीच्या घरात ८४ टक्के. गादीची झीज विशीतच ३७ टक्क्यांना आणि ऐंशीत ९६ टक्क्यांना. लक्षात घ्या, ही सगळी न दुखणारी माणसे. वयाप्रमाणे केस पिकतात तशीच ही झीज होते. म्हणून पन्नाशीच्या बाईच्या एमआरआयमध्ये फुगलेली गादी दिसली, तर तिचे दुखणे त्यामुळेच आहे असे म्हणता येत नाही. त्याआधी २००९ मध्ये सहा चाचण्या आणि १,८०४ रुग्ण एकत्र पाहून असेच दिसले होते, की धोक्याचे लक्षण नसताना लगेच फोटो किंवा एमआरआय काढल्याने दुखणे लवकर बरे होत नाही. त्या बाईला गरज होती ती दुखणे कमी होईपर्यंतच्या गोळ्यांची, जमेल तसे चालत-फिरत राहण्याच्या सल्ल्याची आणि ‘यातून तू बरी होशील’ हे कोणीतरी खात्रीने सांगण्याची. त्याऐवजी तिला मिळाले ते कर्ज आणि आयुष्यभराची धास्ती.

याच कंबरदुखीत काही लक्षणे अशी आहेत, की ती असतील तर एक दिवसही थांबू नये. पाय लुळा पडत चालला, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी एमआरआय हवा. आधी कॅन्सर झालेला असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, बरेच दिवस स्टिरॉइड घेतले असेल, म्हातारपणी घसरून पडणे झाले असेल, तरीही फोटो काढायचा तो लगेच. आपल्याकडे यात आणखी एक जोडावेच लागते. संध्याकाळी बारीक ताप, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, भूक मेलेली, घरात कोणाला टीबी. मणक्याचा टीबी आम्ही विभागात नेहमी पाहायचो. आणि होते काय, की धोक्याचे लक्षण नसल्याने सहा आठवडे थांबायला हरकत नसलेला माणूस पैसे भरून आधी मशीनमध्ये जातो आणि टीबीने मणका खचत चाललेला माणूस ‘कंबरदुखी’ म्हणून मलम चोळत बसतो. चिठ्ठीवर ‘दोन महिने रात्री दुखते, संध्याकाळी ताप’ एवढे पाच-सहा शब्द असते, तर खिडकीवरच त्याला पुढे घेतला असता.

परदेशी मार्गदर्शिका आपल्याकडे लागू पडत नाहीत, असे काही डॉक्टर म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. लंडनच्या डॉक्टरला टीबीचा विचार जितका करावा लागतो, त्यापेक्षा आपल्याला पुष्कळ जास्त करावा लागतो. सिरोंचा, भामरागडहून रात्रभर एसटीने आलेल्या माणसाला ‘सहा आठवड्यांनी या’ असे सांगणे सोपे नाही. तो पुन्हा येईलच याची खात्री नसते, म्हणून आज आलाय तर सगळेच करून घ्या असा विचार डॉक्टरच्या मनात येतो आणि तो मी समजू शकते. पण त्यावर उपाय म्हणजे आपल्या रोगांनुसार त्या मार्गदर्शिकेत भर घालणे आणि गावाजवळच्या आरोग्य केंद्रात धोक्याची लक्षणे तपासली जातील अशी सोय करणे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ पासून प्रमाणित उपचार पद्धतींचे तक्ते काढले आहेत. एका पानावर एक आजार, कधी काय करायचे, कधी पुढे पाठवायचे. मोबाइलवर पाहता येतात. असा कागद ओपीडीच्या टेबलावरच्या काचेखाली मी अजून फारसा पाहिलेला नाही.

ती ओळ भरलेली असेल, तर साध्या एक्स-रेतही किती फरक पडतो ते सांगते. चिठ्ठीवर ‘मनगट’ एवढेच असेल, तर आम्ही समोरून आणि बाजूने असे दोन फोटो काढतो. ‘हातावर पडला, अंगठ्याच्या बुडाशी खळगीत दाबले की दुखते’ असे लिहिले असेल, तर तंत्रज्ञ मनगट करंगळीकडे वळवून वेगळा फोटो घेतो, कारण तिथले होडीच्या आकाराचे छोटे हाड साध्या फोटोत लपते. पहिल्या दिवशी त्याची चीर दिसत नाही असेही होते. म्हणून प्लास्टर बांधून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात किंवा सोय असेल तर एमआरआय करतात. ते हाड न जुळता राहिले, तर हाताने काम करणाऱ्याचा तो हात कायमचा दुखरा होतो. त्या चार शब्दांवर एका माणसाची मजुरी अवलंबून असते.

घोटा मुरगळण्याचे उदाहरण तर मला फार आवडते, कारण त्यात मशीन लागतच नाही, बोटे लागतात. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये एक नियम मांडला. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडे वर आलेली असतात, त्यांच्या मागच्या कडेने खालचे ६ सेंटीमीटर अंगठ्याने दाबत या. हाडावर दुखते का? मग पायाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मधोमध जो उंचवटा लागतो तो दाबा. आतल्या बाजूला कमानीच्या वरचे हाड दाबा. शेवटी माणसाला चार पावले चालून दाखवायला सांगा, लंगडत चालला तरी चालेल. कुठल्याच हाडावर दुखत नसेल आणि चार पावले टाकता येत असतील, तर हाड मोडलेले असण्याची शक्यता जवळजवळ नाही, फोटो नको. सूज कितीही असो, सूज पाहून ठरवायचे नाही. देशोदेशी हा नियम पुन्हा पुन्हा तपासला गेला आणि तो टिकला. त्याने घोट्याचे एक्स-रे सुमारे तिसऱ्या हिश्श्याने कमी होतात. इंटर्नशिप करणाऱ्या मुलामुलींना हे एका दुपारी शिकवता येते.

डोक्याला मार लागल्यावर उलटे आहे. तिथे उशीर परवडत नाही. कॅनडातच २००१ मध्ये ठरलेला नियम सांगतो, की मार लागून क्षणभर शुद्ध हरपली किंवा काही आठवेनासे झाले आणि नंतर दोन तासांतही माणूस पूर्ण भानावर आला नाही, दोन किंवा अधिक उलट्या झाल्या, कवटी मोडल्याची चिन्हे आहेत किंवा वय ६५ किंवा त्याहून जास्त आहे, तर सीटी करा. रक्त पातळ करणारी औषधे घेणारा तर या नियमाच्या बाहेर, त्याच्याबाबत आणखी सावध राहायचे. आपल्याकडे मात्र अजूनही कवटीचा साधा एक्स-रे मागितला जातो. तो चांगला आला की घरचे निश्चिंत होतात. कवटीचे हाड शाबूत असताना आत रक्त साकळू शकते, आणि ते एक्स-रेत दिसतच नाही. हेल्मेट न घातलेल्या मुलांचे असे फोटो काढताना माझा जीव खालीवर व्हायचा.

उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ च्या घरात जातो आणि मुतखड्याचे रुग्ण वाढतात. माझा भाचा बुटीबोरीच्या कारखान्यात कामाला आहे, वय सव्वीस. मे महिन्यात पाठीतून जांघेकडे कळा आल्या. घराजवळ सोनोग्राफी झाली, ४ मिलिमीटरचा खडा दिसला. ताप नव्हता, दोन्ही मूत्रपिंडे चांगली. एवढा खडा बहुतेक वेळा पाणी, वेदनाशामक आणि थोडा धीर यांवर पडून जातो. पण धंतोली भागातल्या एका खासगी रुग्णालयात त्याला त्याच संध्याकाळी सीटी सांगितला, तोच खडा दिसला. दोन आठवड्यांनी ‘खडा गेला का बघू’ म्हणून पुन्हा सीटी. दोन्ही चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत. कारणाची ओळ दोन्हींवर कोरी. त्याच्या खिशाला लागायचे ते लागलेच, शिवाय सव्विसाव्या वर्षी पोटावर दोनदा किरण पडले आणि खडे होण्याची सवय असलेल्या माणसाला आयुष्यात आणखी किती वेळा लागतील कोण जाणे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या पंधरा रुग्णालयांतला २,७५९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खड्याची शंका असलेल्यांपैकी काहींना आधी सोनोग्राफी, काहींना आधी सीटी. सोनोग्राफीपासून सुरुवात केल्याने गंभीर काही निसटण्याचे प्रमाण वाढले नाही आणि किरण कमी पडले. सीटी खडा जास्त अचूक दाखवतो, हे खरे आहे. ताप आला, लघवी बंद झाली, एकच मूत्रपिंड आहे, शस्त्रक्रिया ठरवायची आहे, तर सीटी हवाच, आणि तोही कमी मात्रेत होतो. भाच्याच्या बाबतीत यातले काहीही नव्हते.

किरणांची भीती घालण्याचा माझा हेतू नाही. मी आयुष्य त्यांच्याजवळ काढले आहे. हवा, माती, दगड आणि आकाशातून येणारे किरण मिळून जगातल्या माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. छातीच्या एका फोटोत ०.१ किंवा त्याहूनही कमी. डोक्याच्या सीटीत सुमारे २, पोटाच्या सीटीत आठ-दहा. म्हणजे छातीचा फोटो नाकारण्याचे कारण नाही, आणि गरोदर बाईने न सांगता आत येण्याचेही नाही. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये हे किरण नसतातच. पोटाच्या सीटीने एका माणसाचा धोका फार थोडा वाढतो. पण लेकरांच्या वाढत्या पेशींना तो जास्त असतो आणि पुढे आयुष्यही लांब असते, म्हणून लहान मुलाच्या पोटात दुखले, अपेंडिक्सची शंका आली तर आधी सोनोग्राफी. गरज असेल तिथे मुलाचाही सीटी बेधडक करा, पण मशीनवर मुलाची मात्रा लावा, मोठ्या माणसाची नको.

एप्रिल २०२१ नागपूरकर विसरणार नाहीत. खाट मिळत नव्हती आणि सर्दी-तापाचा प्रत्येक माणूस एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी, करून येत होता. ‘स्कोर किती?’ हा लोकांच्या बोलण्यातला पहिला प्रश्न झाला होता. पंचवीसपैकी तीन आला तरी लोक थरथरत होते. राज्य सरकारला सप्टेंबर २०२० मध्येच या तपासणीचे दर ठरवून द्यावे लागले होते, दोन ते तीन हजार रुपयांच्या आत. मार्च २०२० मध्येच अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने सांगितले होते, की कोरोनाच्या निदानासाठी पहिली तपासणी म्हणून सीटी वापरू नये. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या संचालकांनीही सौम्य आजारात सीटी करू नका असे जाहीरपणे बजावले. एका सीटीचे किरण छातीच्या किती एक्स-रेंइतके, यावर तेव्हा त्यांचा आणि रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेचा वाद झाला. किरणांच्या त्या आकड्यात सगळे अडकले आणि मूळ प्रश्न राहून गेला. ऑक्सिजन ९८ असलेल्या माणसाचा स्कोर तीन असो की सहा, त्याचे उपचार त्याने बदलणार होते का? बदलणार नव्हते. पण तो मात्र त्या केंद्राच्या बंद खोलीत दोन तास खोकणाऱ्यांबरोबर बसून येत होता.

माझे म्हणणे ‘तपासण्या कमी करा’ असे नाही, हे मला ठासून सांगायचे आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा आणि आपला नागपूर जिल्हा, इथे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण पुष्कळ आहेत. या आजारात खुब्याच्या सांध्यातल्या मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचेनासे होते आणि तो हळूहळू मरतो. सुरुवातीला एक्स-रे अगदी चांगला दिसतो. पोरगा लंगडतो, फोटो ‘नॉर्मल’, गोळ्या घेऊन घरी. वर्षभराने येतो तेव्हा गोळा चपटा झालेला असतो आणि विशी-पंचविशीत सांधा बदलण्याची वेळ येते. मार्गदर्शिका इथे स्पष्ट सांगते: आधी एक्स-रे, तो चांगला आला आणि शंका राहिली तर औषध न टोचता एमआरआय. इथे एमआरआयला पैकीच्या पैकी गुण आहेत आणि इथेच तो होत नाही. चिठ्ठीवर ‘सिकलसेल, एसएस, उजवा खुबा’ (एसएस म्हणजे नुसता वाहक नाही, प्रत्यक्ष आजार आहे) लिहिले असेल, तर तंत्रज्ञ बेडकासारखे पाय दुमडायला लावून आणखी एक फोटो घेईल, रेडिओलॉजिस्ट रिपोर्टखाली ‘एमआरआय करावा’ असे लिहील. ‘हिप’ एवढेच लिहिले असेल, तर कोणाला कसे कळणार? छातीत गाठ लागलेल्या बाईचेही तसेच. तीस वर्षांच्या आत आधी सोनोग्राफी, चाळिशीनंतर आधी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. गाठ आहे हे न लिहिल्याने चाळिशीपुढच्या बाईची नुसती सोनोग्राफी होते आणि ‘ठीक आहे’ म्हणून ती घरी जाते.

हे असे का होते, त्याची कारणे सगळ्यांना माहीत आहेत. सकाळच्या ओपीडीत एकेका डॉक्टरपुढे एवढी गर्दी असते, की घोटा दाबून बघण्यापेक्षा चिठ्ठी फाडणे लवकर होते. उद्या काही निघाले तर कोर्टात जबाब द्यावा लागेल, ही धास्ती असते. रुग्णही ऐकत नाहीत. “मॅडम, मोठाच फोटो काहाडा, सारं दिसलं पायजे,” असे कितीतरी जण म्हणायचे आणि एक्स-रे नको असे सांगणारा डॉक्टर त्यांना कच्चा वाटायचा. आणि कमिशन आहे. रुग्ण पाठवल्याबद्दल पैसे देणे-घेणे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने निषिद्ध ठरवले आहे. २०१७ मध्ये आपल्या राज्यात कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही झाला, पण त्याचा कायदा काही झाला नाही. बरेच डॉक्टर या पैशाला हात लावत नाहीत, अशांबरोबर मी काम केले आहे. त्यांनाही या संशयाची झळ बसते, म्हणून त्यांनी तरी कारण लिहिण्याचा आग्रह सर्वांत आधी धरावा असे मला वाटते.

यात खर्च नाही आणि मशीनही नवे घ्यायचे नाही. नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनी आणि मिहानमधल्या एम्ससारख्या शिकवणाऱ्या संस्थांनी ठरवावे, की कारणाची ओळ भरल्याशिवाय तातडीचे सोडून दुसरी कोणतीही चिठ्ठी विभागात घेतली जाणार नाही. खासगी केंद्रांनी तेच करावे. ओळ कोरी दिसली तर तंत्रज्ञाने डॉक्टरांना फोन करून विचारावे आणि त्याबद्दल त्याला कोणी रागावू नये. माझ्या नोकरीत असा फोन केल्यावर ‘तुम्हाला काय करायचंय, सांगितलंय तेवढं करा’ हे उत्तर मी ऐकले आहे. मागितलेल्यापेक्षा दुसरी तपासणी योग्य असेल तर तसे सुचवण्याचा हक्क रेडिओलॉजिस्टला असावा आणि तो पाळला जावा. दुसऱ्या केंद्राच्या प्लेटा ‘आमच्याकडे चालत नाहीत’ म्हणून परत करणे बंद व्हावे. महिनाभरापूर्वीचा चांगला एमआरआय हातात असताना तोच पुन्हा करायला लावण्याचे कारणही त्याच ओळीत लिहावे लागेल, तेव्हा पुष्कळ थांबेल.

रुग्णांनी जुन्या प्लेटा आणि रिपोर्ट उन्हातान्हात, पोत्यात न ठेवता एका पिशवीत नीट ठेवावेत आणि प्रत्येक वेळी सोबत न्यावेत. डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, ‘डॉक्टरसाहेब, यातून काय कळेल? आणि काही नाही निघालं तर औषध बदलेल का?’ हा उर्मटपणा नाही. चांगला डॉक्टर या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देतो. तेच उत्तर त्या ओळीत लिहून घ्यावे.

आपल्या वृत्तपत्राकडेही मागणे आहे. ‘फुल बॉडी’ तपासणीच्या पॅकेजच्या जाहिराती सणासुदीला पानभर येतात. काही त्रास नसलेल्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत सीटी किंवा एमआरआय करावा, असे या मार्गदर्शिका सांगत नाहीत. त्यातून निघणाऱ्या निरुपद्रवी गाठी-डागांच्या मागे मात्र पुढच्या तपासण्यांची रांग लागते. अशा जाहिराती घेताना एकदा एखाद्या रेडिओलॉजिस्टचे मत विचारावे. आणि आरोग्य पुरवणीत दर आठवड्याला एकेक त्रास घ्यावा. कंबरदुखी, डोकेदुखी, मुतखडा, डोक्याचा मार, छातीतली गाठ, लहान मुलांची पोटदुखी. कोणत्या लक्षणांत लगेच पळायचे, कोणत्या लक्षणांत थांबता येते आणि पहिली तपासणी कोणती, एवढे साध्या मराठीत छापावे. शहरातल्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. लिहिण्याच्या कामात माझी मदत लागली तर मी कधीही यायला तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ
मानेवाडा, नागपूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)